वाकायचं किती, टिकायचं किती

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक ३९ वर्षांच्या आहेत. चार वर्षं रोड सायकल चालवल्यावर गेल्या वर्षी त्यांनी टाइम ट्रायलची, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीची, सायकल घेतली. व्यावसायिक सायकलपटूंचे फोटो समोर ठेवून त्यांनी हँडलखालचे सगळे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) काढले आणि पाठ जमिनीला समांतर येईपर्यंत एअरो बारचे (वाकून पुढे धरायच्या दांड्यांचे) पॅड, म्हणजे हात टेकायच्या गाद्या, खाली नेले. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, वीस मिनिटं छान जातात. रस्त्यावर मात्र तेवढ्याच वेळात मान आखडते, पेडल वर येताना मांडी पोटाला लागते आणि मग दर काही मिनिटांनी उठून बसावं लागतं. सपाट रस्त्यावरच्या ४० किलोमीटरना रोड सायकलवर १ तास ११ मिनिटं लागायची, पायांची सरासरी ताकद १८५ वॉट. नव्या सायकलवर लागली १ तास ९ मिनिटं ५० सेकंद, सरासरी १६८ वॉट. ग्रुपमधले एक अनुभवी सदस्य सांगतात, ‘टाइम ट्रायल म्हणजे सोसणं. आराम हवा असेल तर रोड सायकल आहेच.’ स्पर्धा नऊ आठवड्यांवर आली आहे. त्या विचारतात: आणखी सोसायला शिकू, की वेगाचा नाद सोडून पॅड वर घेऊ? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘बसायच्या जागेबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण तिथे बधिरपणा येतो आणि दोन दिवस सूज राहते.’

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी सगळ्यात आधी घेते. संकोचामुळे ती शेवटी गेली हे कळतं, पण माझ्या मते तुमच्या बऱ्याचशा त्रासाचं मूळ तिथेच आहे. आणि तो त्रास सोसायचा नाही. मांड्या पेटणं, श्वास फुलणं, शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये थांबावंसं वाटणं हे टाइम ट्रायलमधलं सोसणं, ते आपण हौसेनं पत्करतो. बधिरपणा म्हणजे नस किंवा रक्तवाहिनी दाबली जाते आहे. सूज म्हणजे जिथे भार यायलाच नको अशा नाजूक भागावर शरीराचा भार पडतो आहे. त्याची ‘सवय होते’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात बधिरपणा गेला नाही, सूज पुन्हा पुन्हा आली, गाठ किंवा जखम जाणवली तर डॉक्टरांना दाखवा. दाखवताना तुम्ही सायकल कशी आणि किती वेळ चालवता तेही स्पष्ट सांगा. सीटचा प्रश्न सुटेपर्यंत पॅडवर वाकून लांबचा सराव बंद ठेवा.

आता तुमचा प्रश्न. सोसू की वेग सोडू, असं तुम्ही विचारता. म्हणजे एका पारड्यात वेग आणि दुसऱ्यात आराम आहे, एक खाली गेलं की दुसरं वर जाणारच, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या ग्रुपमधल्या सदस्यांचंही तेच म्हणणं. पण तुम्ही स्वतः पाठवलेले आकडे वेगळं काही सांगतात, आणि ते वाचून मला खरोखर आनंद झाला. कारण त्यात तुमच्यासाठी बराच वेळ दडलेला आहे.

हवा शांत, रस्ता सपाट, टायर मध्यम प्रतीचे, तुम्ही आणि सायकल मिळून ७५ किलो असं धरून मी दोन्ही फेऱ्यांचा हिशेब मांडला. हवेचा विरोध मोजायला सायकलवाले ‘सीडीए’ नावाचा आकडा वापरतात. वाऱ्यासमोर तुमचा आकार किती मोठा आहे आणि हवा त्याच्यावरून किती अलगद सरकते, या दोन्हींचा तो गुणाकार. जितका लहान तितका चांगला. रोड सायकलवर तुमचा सीडीए ०.२९ च्या आसपास येतो. नव्या सायकलवर अख्ख्या ४० किलोमीटरची सरासरी ०.२४५ येते. तुम्ही पूर्ण वाकलेल्या असताना तो ०.२३ आणि उठून बसल्यावर पुन्हा ०.२९ धरला, तर हिशेब असा लागतो की जवळजवळ पाव वेळ तुम्ही उठून बसला होतात.

समजा, दात-ओठ खाऊन तुम्ही आताच्याच पोझिशनमध्ये एकदाही न उठता ४० किलोमीटर काढले. ताकद तीच, १६८ वॉट. वेळ येईल सुमारे १ तास ८ मिनिटं ३० सेकंद. आता दुसरी शक्यता बघा. पॅड थोडे वर घेतले, सीडीए ०.२३ वरून ०.२४ झाला, म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने पोझिशन किंचित वाईट झाली. पण तिच्यात तुम्ही शेवटपर्यंत राहू शकलात आणि मांडीला जागा मिळाल्यामुळे १८० वॉट काढू शकलात. वेळ येईल सुमारे १ तास ७ मिनिटं ३५ सेकंद. सगळं सोसून जी वेळ मिळाली असती तिच्यापेक्षाही ही जवळजवळ एक मिनिटाने कमी, आणि आताच्या वेळेपेक्षा सव्वादोन मिनिटांनी. हे अंदाजी गणित आहे, वारा आणि चढ-उतार सेकंद इकडे-तिकडे करतील. दिशा मात्र बदलणार नाही.

सीडीएच्या इतक्या लहान फरकाचा एवढा बाऊ का करतात, असं वाटू शकतं. सपाट रस्त्यावर तुमच्या वेगाला ताकदीच्या पाचातले जवळजवळ चार हिस्से हवा बाजूला सारण्यात जातात, आणि त्या विरोधाचा मोठा वाटा सायकलचा नसून तुमच्या शरीराचा असतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो भेदायला आठपट ताकद लागते. म्हणून वाकायला हवंच, त्यात वाद नाही. फक्त हवेचा विरोध पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सतत मोजला जात असतो. फोटो एका क्षणाचा असतो.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलेला आकडा १६८ आहे. रोड सायकलवर १८५ वॉट काढणारे पाय सतरा वॉट कुठे ठेवून आले? वाकल्यावर थोडी ताकद कमी होते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. पण सतरा खूप झाले. पेडल वर येताना मांडी पोटाला लागते असं तुम्ही लिहिलंय, उत्तर तिथेच आहे. मांडी आणि धड यांच्यातला कोन इतका मिटला आहे की पेडलच्या प्रत्येक फेरीत पाय वरच्या टोकाला अडतो, पोट दाबलं जातं आणि श्वास उथळ होतो. ही मनाच्या कणखरपणाची कमतरता नाही, आणि वयाचाही दोष नाही. सांध्याला जागाच उरलेली नाही.

फोटोंची ओढ मी समजू शकते. पण त्या फोटोतली माणसं अनेकदा पंधरा-वीस मिनिटांच्या शर्यतीसाठी वाकलेली असतात, वर्षानुवर्षं त्याच पोझिशनमध्ये सराव केलेली असतात आणि वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) तासन्‌तास मोजलेली असतात. त्यांचा फोटो पाहून तुम्ही त्यांच्या मेहनतीचं शेवटचं पान तेवढं उचललंत.

टाइम ट्रायलवाल्यांची आवडती गोष्ट १९८९ च्या टूर द फ्रान्सची. शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडच्या हँडलवर एअरो बार होते. फिन्याँकडे ते नव्हते, डोक्यावर हेल्मेटही नव्हतं, मागे पोनीटेल उडत होती. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद कमावले आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. ही गोष्ट सगळे एअरो बारची म्हणून सांगतात. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र गळतो: शेवटच्या दिवसांत फिन्याँ सीटच्या घर्षणाने झालेल्या जखमेने हैराण होता, त्याला धड बसता येत नव्हतं. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल ८ सेकंदांवर लागतो, तेव्हा बसायची जागा ही किरकोळ बाब राहत नाही.

आणि ग्रॅम ओब्री. या स्कॉटिश सायकलपटूने १९९३ मध्ये हात छातीखाली दुमडून एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापले आणि तासाचा विक्रम मोडला. आदल्याच दिवशी त्याचा पहिला प्रयत्न फसला होता. त्याच वर्षी याच पोझिशनमध्ये तो परस्यूट, म्हणजे ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. १९९४ मध्ये युसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने त्या पोझिशनवर बंदी घातली. तेव्हा त्याने हात पुढे पूर्ण ताणलेली, अगदी उलट पोझिशन शोधली आणि १९९५ मध्ये तिच्यातही जगज्जेता झाला. माणूस एक, पोझिशन दोन, त्याही परस्परविरोधी. एकच आदर्श आकार कुठेतरी आखून ठेवलाय आणि आपण त्यात स्वतःला बसवायचं, ही कल्पना ओब्रीकडे पाहिलं की सुटते. त्याने दोन्ही वेळा स्वतःच्या शरीरापासून सुरुवात केली होती.

तर तुमच्या शरीरापासून सुरुवात करू. आधी सीट, मग क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा), मग पॅड, शेवटी डोकं. हा क्रम उलटा करू नका. बहुतेक जण पॅडपासून सुरुवात करतात, कारण ते समोर दिसतात.

रोड सायकलवर भार बसायच्या दोन हाडांवर असतो. पॅडवर वाकलं की ओटीपोटाभोवतीचा हाडांचा सांगाडा पुढे कलतो आणि भार हाडांवरून पुढच्या मऊ भागाकडे सरकतो. म्हणून रोड सायकलवर वर्षानुवर्षं सुखाची वाटलेली सीट इथे छळते. शरीर हुशार असतं. दुखऱ्या जागेवरचा भार काढायला ते नकळत कंबर मागे वळवतं. मग कंबरेत कुबड येतं. कुबड आलं की खांदे आणखी खाली जातात आणि रस्ता दिसावा म्हणून मान आणखी उचलावी लागते. तुमची मान विसाव्या मिनिटाला आखडते त्याचं कारण असं सीटपर्यंत जाऊन पोचतं. नुसता मानेचा व्यायाम करून हे सुटणार नाही.

टाइम ट्रायलसाठी पुढच्या बाजूला दुभागलेल्या किंवा आखूड नाकाच्या सीट मिळतात. त्यांच्यावर मागे रेलून बसायचं नसतं. अगदी पुढच्या टोकाला, दोन फाट्यांवर हाडं टेकतील असं बसायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथली हाडं हुळहुळतात, ते चालेल. बधिरपणा चालणार नाही. सीट विकत घेण्याआधी मैत्रिणींकडून उसन्या घेऊन किमान चार-पाच फेऱ्या मारून बघा, कारण एकीला मानवलेली सीट दुसरीला मानवेलच असं नाही. तुमच्यासारख्या अनेक जणी हा विषय निघू देत नाहीत आणि त्यामुळे उसनी सीट मागायलाही कचरतात. मीही बरीच वर्षं तशीच होते. तुम्ही मागा. विचारल्यावर किती जणी ‘मलाही’ म्हणतात ते तुम्हाला दिसेलच.

सीटचं नाक किंचित खाली, दोन-तीन अंश, करून बघायला हरकत नाही. त्याहून जास्त केलं तर तुम्ही पुढे घसरत राहाल, ती घसरण हातांनी थोपवाल आणि खांदे भरून येतील. सीट उंच झाली असेल तर कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि घर्षण वाढतं. मागून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, डोलणं लगेच दिसतं. शॉर्ट्सची शिवण नेमकी कुठे येते तेही तपासा.

आता मांडीच्या कोनाकडे येऊ. एक सोपा प्रयोग करा. रोड सायकलवर, हँडलचा खालचा भाग धरून, आरामात बसलेला तुमचा बाजूने काढलेला फोटो छापून घ्या. फक्त तुमची आकृती कापा. क्रँकच्या मध्यबिंदूवर टाचणी लावा आणि आकृती हळूहळू पुढे फिरवा. पाठ सपाट होत जाते, पण मांडी आणि धड यांच्यातला कोन तसाच राहतो. टाइम ट्रायलची पोझिशन म्हणजे ही फिरवलेली आकृती. तुम्ही आकृती न फिरवता तिला कंबरेत दुमडलीत. रोड सायकलवर सीटचा कोन साधारण ७३ अंशांचा असतो, टाइम ट्रायलला तो ७८ ते ८० पर्यंत नेतात, तो याचसाठी. म्हणजे सीट पुढे घ्या. १० मिलिमीटर पुढे घेतलीत तर ती सुमारे ३ मिलिमीटर वरही घ्यावी लागेल, नाहीतर पाय आखूड पडतील. त्याआधी स्पर्धेचे नियम वाचा. युसीआयच्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धांमध्ये सीट किती पुढे आणि एक्स्टेन्शन (एअरो बारचे पुढे आलेले दांडे) किती लांब असावं यावर मर्यादा आहेत. ट्रायथलॉनचे नियम वेगळे आहेत.

क्रँकची लांबी तुम्ही लिहिली नाहीत. तयार सायकलवर अनेकदा १७० किंवा १७२.५ मिलिमीटरचे क्रँक येतात आणि कमी उंचीच्या व्यक्तीला ते लांब पडतात. क्रँक १० मिलिमीटर आखूड केले की पाय तितकाच लांब ठेवण्यासाठी सीट १० मिलिमीटर वर जाते, आणि पेडल वरच्या टोकाला असताना गुडघा सीटच्या तुलनेत तब्बल २० मिलिमीटर खाली राहतो. पोट आणि मांडीमध्ये तेवढी मोकळी जागा. आखूड क्रँकमुळे ताकद कमी होईल ही भीती बाळगू नका. गिअर थोडा हलका घ्यायचा आणि पाय थोडे जास्त वेगाने फिरवायचे. माझ्या मते एक्स्टेन्शनवर किंवा चाकांवर खर्च करण्याआधी कमी उंचीच्या सायकलपटूने क्रँकचा विचार करावा.

यानंतर पॅड. तुमच्या बाबतीत आधी २० मिलिमीटर वर घ्या. कोपराच्या किंचित पुढे, हाताच्या हाडाखाली पॅड यायला हवेत आणि दंड खांद्यापासून जवळजवळ सरळ खाली, थोडासा पुढे झुकलेला. मग धडाचा भार हाडांवर तोलला जातो, स्नायूंना तो धरून ठेवावा लागत नाही. पॅडवर हात ठेवून खांदे सैल सोडता येतात का, हीच खूण. एक्स्टेन्शन दहा-पंधरा अंश वर तिरकी केली तर मनगटं सरळ होतात, हात चेहऱ्यासमोर येतात आणि हात व छाती यांच्यातल्या पोकळीत घुसणारी हवा कमी होते. इथे अनेकांचा गैरसमज असतो. खाली म्हणजे वेगवान, असं सरसकट नाही. पाठ खूप खाली गेली की डोकं तिच्यावर निशाणासारखं उभं राहतं आणि हवा तिथेच आपटते. पॅड थोडे वर घेतले तर खांदे कानांकडे आणून डोकं त्यांच्यामध्ये बुडवता येतं. समोरून पाहिलं तर एकूण आकार पूर्वीपेक्षा लहानही निघू शकतो. तुमचा समोरून फोटो काढून दोन्ही पोझिशन शेजारी ठेवून बघा. पॅडमधलं अंतर मात्र एकदम कमी करू नका. छाती आवळली जाते आणि सायकल हातात राहत नाही. आठवड्याला थोडं, श्वास मोकळा आहे ना हे पाहत.

डोक्याबद्दल मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. मान दुखली की लोक खाली चाकाकडे बघत सायकल चालवतात. कृपा करून हे करू नका. एक्स्टेन्शनवर असताना हात ब्रेकपासून लांब असतात आणि रस्ता दिसत नसेल तर प्रतिक्रियेला वेळच उरत नाही. नजर भुवयांखालून वर न्यायची, मान कमीत कमी उचलायची. चष्म्याची वरची कड नजरेच्या आड येत असेल तर मान आणखी उचलली जाते, म्हणून वरून चौकट नसलेला चष्मा किंवा काच असलेलं हेल्मेट घ्या. लांब शेपटीचं हेल्मेट पाठीला टेकलेलं असतानाच उपयोगी. तुम्ही सतत डोकं हलवत असाल तर आखूड शेपटीचं बरं. आणि इतकं करूनही पुढचा रस्ता आरामात दिसत नसेल, तर पोझिशन खालीच आहे. सेकंदांचा विचार तिथे थांबला पाहिजे.

ट्रेनरवर वीस मिनिटं जमतं आणि रस्त्यावर जमत नाही, यात नवल नाही. ट्रेनरवर तुम्हाला रस्ता पाहायचा नसतो, मान खाली असते. वाऱ्याचा झोत नसतो, खड्डे नसतात, तोल सांभाळायचा नसतो. म्हणून ट्रेनरवर मापं बदला, पण निकाल रस्त्यावर घ्या. एका वेळी एकच बदल करा. वारा पडलेला असताना, रहदारी नसलेल्या एकाच वळसा-मार्गावर, तेवढ्याच वॉटने आधी जुन्या पोझिशनमध्ये, मग नव्या, मग पुन्हा जुन्या पोझिशनमध्ये फेरी मारा. दोन्ही जुन्या फेऱ्यांची वेळ जुळली तरच मधल्या फेरीवर विश्वास ठेवा. आणि लांब सरावात फोन स्टँडवर लावून एकदा पाचव्या मिनिटाला, एकदा पस्तिसाव्या मिनिटाला बाजूने व्हिडिओ घ्या. पाचव्या मिनिटाची बाई आणि पस्तिसाव्या मिनिटाची बाई एकाच पोझिशनमध्ये असेल तर तुम्ही बरोबर जागी आहात. सीटवर पुढे-मागे सरकणं, हात झटकणं, खांदे फिरवणं हे सगळं मोजा. चुळबुळ कमी होत गेली पाहिजे.

बाकीचे लहान फायदे थोडक्यात. फडफडणारा टी-शर्ट काढून अंगाला घट्ट बसणारा स्किनसूट घाला, छातीवरचा नंबर सपाट चिकटवा, चांगले टायर घ्या, त्यात हवेचा दाब अती ठेवू नका आणि चेन स्वच्छ ठेवा. यातल्या कशासाठीही मान दुखवावी लागत नाही.

तुमच्यापुढचे दुसरे पर्यायही बघते. सायकल विकू नका, प्रश्न सायकलचा नाही. रोड सायकलवर एअरो बार लावावेत का, असं अनेक वाचक विचारतात. चढ-उताराच्या मार्गावर आणि कधीतरीच टाइम ट्रायल करणाऱ्याला ते पुरेसं आहे. पण सीट मागेच ठेवून नुसते बार लावले तर तुमचाच त्रास त्यांना होईल, म्हणून सीटही पुढे घ्यायला हवी. बाइक फिटिंग करणाऱ्या जाणकाराकडे जाणं मला सगळ्यात पसंत आहे. तिथे तीन गोष्टी स्पष्ट सांगा: स्पर्धा तासाभराची आहे, बधिरपणा येतो, आणि पाहणी हलक्या पेडलिंगवर न करता स्पर्धेच्या जोरावर, निदान पंधरा मिनिटं करा. पहिल्या भेटीत पॅड खाली नेण्यातच रस असलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

नऊ आठवडे पुरेसे आहेत. पहिले दोन सीटसाठी द्या, क्रँक बदलायचे असतील तर तेही याच काळात. तिसरा आणि चौथा पॅडसाठी. पाचव्यापासून काही बदलायचं नाही, फक्त वाकलेल्या अवस्थेतला मुक्काम वाढवायचा: १० मिनिटांचे तीन तुकडे, मग १५ चे तीन, मग २० चे दोन, मग सलग ४०. स्नायूंना या नव्या कोनात ताकद लावायला शिकावं लागतं आणि ते त्या कोनात राहूनच शिकतात. शेवटच्या दोन आठवड्यांत तर पाना हातातही घेऊ नका. जमलेली मापं वहीत लिहा: सीटची उंची, क्रँकच्या मध्यबिंदूपासून तिचं अंतर, पॅडची उंची, पॅडपर्यंतचं अंतर. सीटच्या दांड्यावर टेपची खूणही करा.

पॅड पुन्हा खाली नेता येतील का? येतील, पुढच्या हंगामात, ५-५ मिलिमीटरने. दर वेळी वॉट आणि उठून बसायचा वेळ हे दोन आकडे तपासायचे. वॉट पडले किंवा उठणं वाढलं की एक पायरी मागे यायचं.

स्पर्धा झाली की वेळ आणि सरासरी वॉट कळवा. आणि बसायच्या जागेचं काय झालं तेही लिहा, या वेळी पत्राच्या पहिल्याच ओळीत.